मदत-बटण योजनेची निविदा: सोलापूरच्या ज्येष्ठांचे आणि त्यांच्या मुलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका निमसरकारी कार्यालयाच्या भांडार विभागात मी 26 वर्षं निविदांचे लिफाफे उघडले, तुलनात्मक तक्ते केले. आता निवृत्त आहे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना सरकारी खर्चाने मदत-बटण मिळावं, हा विषय आमच्या कट्ट्यावर सारखा निघतो आणि त्यातले निविदेचे प्रश्न माझ्याकडे येतात. ते इथे उत्तरांसह लिहून ठेवतो आहे. योजना महापालिकेने काढो, जिल्हा परिषदेने काढो की समाजकल्याण खात्याने, प्रश्न हेच राहणार.

मदत-बटण म्हणजे नेमकं काय?

गळ्यात लॉकेटसारखं किंवा मनगटावर घड्याळासारखं घालायचं एक बटण. ते दाबलं की घरात ठेवलेल्या यंत्राला इशारा जातो. त्या यंत्रात सिमकार्ड, माइक आणि स्पीकर असतो. ते मदत केंद्राला फोन लावतं, तिथला माणूस स्पीकरवरून बोलतो आणि गरजेप्रमाणे शेजाऱ्याला, मुलाला किंवा 108 ला कळवतो. बटण आणि यंत्र बाजारात विकत मिळतं. फोन उचलणारा माणूस आणि किल्ली घेऊन धावणारा माणूस विकत मिळत नाही, आणि योजना त्या दोघांवर चालते.

सोलापुरात याची गरज आहे का? इथे शेजारपाजार अजून धरून आहे.

शेजार आहे, मान्य. पण माझ्या मावशीचं सांगतो. ती पूर्व भागात राहायची, वय 76, दोन्ही मुलं पुण्याला. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि येतं तेही अवेळी. त्या दिवशी पहाटे साडेतीनला आलं. हौद भरायला ती उठली आणि न्हाणीच्या उंबऱ्याशी पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला. भिंतीपलीकडच्या कारखान्यात रात्रपाळीचे माग चालू होते. ती हाका मारत राहिली, मागांच्या खडखडाटात कोणाला काही ऐकू गेलं नाही. सव्वासहाला दूधवाला आला तेव्हा कळलं.

पावणेतीन तास ओल्या फरशीवर. तासाभराहून जास्त वेळ म्हातारा माणूस असा पडून राहिला की मोडलेल्या हाडाशिवाय दुसरी दुखणी सुरू होतात. अंगाखाली दबलेल्या भागाला जखमा होतात, शरीरातलं पाणी कमी होतं, दबलेल्या स्नायूंमधून सुटलेले घटक मूत्रपिंडावर ताण आणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसं पडल्यामुळे दगावतात आणि त्यात सर्वाधिक प्रमाण साठीपुढच्यांचं आहे.

112 आहे, हेल्पलाइन आहे. मग वेगळं बटण कशाला?

112 चोवीस तास आहे आणि ते जरूर वापरा. केंद्राच्या 2016 च्या नियमांनुसार कीपॅडच्या फोनवर 5 किंवा 9 हा आकडा दाबून धरला की आपत्कालीन कॉल जायला हवा. तुमच्या आईच्या फोनवर तो जातो का, हे आजच बघून घ्या. ज्येष्ठांसाठीची 14567 ही राष्ट्रीय हेल्पलाइन सकाळी 8 ते रात्री 8 चालते. ती सल्ला आणि आधार देण्यासाठी आहे. हे सगळं फोन हाताशी असेल तर. मावशीचा फोन दहा पावलांवर होता.

सरकारने पैसे थेट खात्यात टाकावेत, लोक घेतील आपापलं बटण. निविदेची गरजच काय?

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 2024 पासून 65 वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना 3,000 रुपये थेट खात्यात मिळतात. चष्मा, काठी, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी ही पद्धत मला पटते. काठी एकदा घेतली की काम झालं. मदत-बटणाचं तसं नाही. ते रोज चालू आहे की नाही हे कोणीतरी बघायला लागतं आणि पलीकडे रात्री तीनला माणूस जागा लागतो. एकेकट्याने हे विकत घ्यायचं म्हटलं तर महागात जातं.

केरळ पोलिसांनी ‘बेल ऑफ फेथ’ नावाने वेगळी वाट धरली. एकट्या ज्येष्ठांच्या घरी घंटा बसवली, रिमोट दाबला की ती वाजते आणि शेजारी ऐकून पोलिसांना कळवतात. साधी, स्वस्त आणि चांगली कल्पना आहे. जुळे सोलापूरच्या शांत गल्लीत ती चालेलही. जिथे रात्रंदिवस माग चालतात तिथे मात्र घंटेचं मावशीच्या हाकांसारखंच होईल. म्हणून फोनवर चालणारी सेवा, आणि म्हणून निविदा.

निविदा कशी निघते, थोडक्यात सांगा.

गरज ठरते, अंदाजपत्रक होतं, अटी-शर्ती लिहिल्या जातात, निविदा महाटेंडर्स किंवा जेम या सरकारी खरेदीच्या संकेतस्थळांवर चढते. बहुधा दोन लिफाफे असतात. पहिला तांत्रिक, त्यात पात्रतेची कागदपत्रं. त्यात जो उत्तीर्ण झाला त्याचाच दुसरा, म्हणजे दराचा लिफाफा उघडतो. मग तुलनात्मक तक्ता, मंजुरी, करारनामा आणि कार्यारंभ आदेश. राज्य शासनाच्या खरेदीची कार्यपद्धती 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयाने आलेल्या नियमपुस्तिकेत आहे. महापालिकेत ठरावीक रकमेपुढच्या कराराला स्थायी समितीची मंजुरी लागते आणि लोकनियुक्त सभागृह नसेल तेव्हा प्रशासक ती देतात.

न्याय्य निविदा म्हणता, पण न्याय कोणाला?

हा प्रश्न एका आजोबांनी कट्ट्यावर विचारला आणि मी चांगलाच थबकलो. नोकरीत असताना न्याय म्हणजे आम्हाला एकच अर्थ ठाऊक होता: सगळ्या निविदाधारकांना एकच माप. एकाला मुदतवाढ दिली तर सगळ्यांना द्यायची, एकाच्या शंकेचं उत्तर दिलं तर ते सगळ्यांना कळवायचं, लिफाफा ठरल्या वेळी ठरल्या लोकांसमोर उघडायचा. हे सगळं आवश्यक आहे आणि त्यातलं एकही पाऊल चुकता कामा नये.

पण मदत-बटणाच्या व्यवहारात तिसरा माणूस असतो. पैसे पालिका देते, माल ठेकेदार देतो आणि बटण दाबते ती बीडी वळून बोटं झिजलेली आजी. तिने निविदा वाचलेली नसते, सही केलेली नसते, सेवा वाईट निघाली तर दुसरा ठेकेदार निवडायचा अधिकार तिला नसतो. खडूचा पुरवठा निकृष्ट झाला तर शाळा तक्रार करते. बटण निकृष्ट निघालं तर ज्या रात्री कळतं त्या रात्री तक्रार करायला ती उरेलच असं नाही. म्हणून या निविदेत तिचा हक्क आधीच, कलम म्हणून लिहिलेला असला पाहिजे. फोन किती सेकंदांत उचलायचा, कोणत्या भाषेत बोलायचं, बिघडलेलं यंत्र किती तासांत बदलायचं, न बदलल्यास दंड किती. निविदाधारकांमध्ये अगदी काटेकोर न्याय झाला आणि आजीच्या बाजूने एक ओळही लिहिली नाही, तर त्या निविदेला मी न्याय्य म्हणणार नाही.

सर्वात कमी दर भरेल त्याला काम. यापेक्षा प्रामाणिक पद्धत कोणती?

एल-वनची, म्हणजे सर्वात कमी दरवाल्याला काम द्यायची पद्धत वाईट नाही, तिच्यामुळे वशिल्याला आळा बसतो. मात्र दर कशाचा मागवला, यावर सगळं अवलंबून आहे. समजा एका कंपनीने यंत्राचा दर 2,000 रुपये भरला आणि महिन्याचा सेवा आकार 300. दुसरीने यंत्र 4,500 आणि सेवा 180. निविदेत फक्त यंत्राचा दर मागवला असेल तर पहिली जिंकते. 3 वर्षांचा, म्हणजे 36 महिन्यांचा हिशेब घातला तर पहिलीचा खर्च घरामागे 12,800 होतो आणि दुसरीचा 10,980. 1,000 घरं असतील तर 18 लाख 20 हजारांचा फरक, तोही कमी दराच्या नावाखाली. बॅटरी, सिमचा खर्च, दुरुस्ती, घर बदललं तर पुन्हा बसवणं, हे सगळं धरून पूर्ण मुदतीचा एकत्रित दर मागवायला हवा.

दुसरं, सेवेला गुण द्या. गुणवत्ता आणि दर यांचा एकत्रित विचार करायची पद्धत आहे. फक्त गुण कसे देणार ते निविदेतच छापलेलं हवं. लिफाफे उघडल्यावर गुणांची पट्टी ठरली तर माझा तिच्यावर विश्वास बसणार नाही, मग समिती कितीही सज्जन असो.

अटी एखाद्यासाठीच बेतल्या आहेत हे सामान्य माणसाने कसं ओळखायचं?

पात्रतेच्या पानापासून सुरुवात करा. काम 40 लाखांचं आणि वार्षिक उलाढाल 50 कोटींची मागितली, तर विचारा का. ‘मागील 3 वर्षांत महाराष्ट्रातील महापालिकेत याच प्रकारच्या बटणांचा पुरवठा’ अशी अट असेल तर असं काम केलेले किती जण असतील ते मोजा. दोघेच निघाले तर स्पर्धा तिथेच संपली. रुग्णवाहिकेचं कॉल सेंटर किंवा सुरक्षा नियंत्रण कक्ष चालवण्याचा अनुभवही चालायला हवा, कारण काम तसंच आहे.

मग तांत्रिक पान. एकाच कंपनीचं मॉडेल, रंग, मिलिमीटरमध्ये लांबी-रुंदी लिहिली असेल तर ती त्या कंपनीच्या पुस्तिकेची नक्कल आहे. एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. युरोपात अशा बटणांसाठी 869.2 मेगाहर्ट्झच्या आसपासचा रेडिओ लहरींचा पट्टा राखीव आहे. भारतात परवान्याशिवाय वापरता येणारा पट्टा 865 ते 868 मेगाहर्ट्झ आहे. इथल्या निविदेत 869 ची मागणी दिसली तर अटी परदेशी पुस्तिकेतून उतरवल्या आहेत आणि ज्याने उतरवल्या त्याला इथला नियम माहीत नाही, हे लगेच कळतं. नाव किंवा मॉडेल लिहायचंच झालं तर पुढे ‘किंवा समतुल्य’ हवं आणि समतुल्य कोण ठरवणार तेही हवं.

मुदत बघा. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात नोटीस आणि सात दिवसांत निविदा भरा, असं असेल तर ज्याला आधीच कुणकुण होती तोच भरू शकतो. केंद्राच्या 2017 च्या वित्तीय नियमांत जाहीर निविदेसाठी साधारण तीन आठवडे धरले आहेत. तेवढा वेळ मागणं गैर नाही.

आपल्या सोलापूरच्या दुकानदाराला किंवा महिला बचत गटाला यात काम मिळू शकतं का?

अख्खं काम एकाच पुड्यात बांधलं तर नाही. काम फोडलं तर मिळू शकतं. मदत केंद्र आणि यंत्रं एका निविदेत, आणि घरी जाऊन बसवणं, दर महिन्याला तपासणं, बॅटरी बदलणं, आजीशी दोन शब्द बोलणं हे दुसऱ्या निविदेत, पेठेपेठेच्या हिशेबाने. साखर पेठेतल्या गल्ल्या आणि कुंभारीची बीडी कामगारांची घरकुलं पुण्याच्या ठेकेदाराच्या पोरापेक्षा तिथल्या बचत गटाच्या बाईला जास्त ठाऊक असतात. बयाणा रक्कम, म्हणजे निविदेसोबत भरायची अनामत (ईएमडी), त्यांना झेपेल एवढीच ठेवायची. स्थानिक म्हणून दर्जात सवलत मात्र नको. आपला माणूस म्हणून चालवून घेतलं तर भोगणार आजीच.

फोनवर कोणत्या भाषेत बोलणार?

हा मुद्दा निविदेत हमखास राहून जातो. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी घराघरात बोलली जाते. घाबरलेला माणूस आईच्या भाषेत बोलतो. अक्कलकोट रस्त्याच्या एखाद्या घरातली अव्वा रात्री ‘बिद्देनी’ म्हणाली आणि पलीकडच्याला ते कन्नडमधलं ‘मी पडले’ आहे हे कळलंच नाही, तर बटण असून नसल्यासारखं. चारही भाषा बोलणारी माणसं प्रत्येक पाळीत हवीत, आणि ती आहेत का हे अधूनमधून फोन लावून तपासायची मुभा पालिकेला करारातच हवी.

वीज गेली किंवा नेटवर्क गेलं तर?

यंत्राची आतली बॅटरी किती तास चालते हे लिहून घ्या आणि उन्हाळ्यात तपासा. सोलापूरचा पारा 40 च्या वर जातो, पत्र्याच्या घरात त्याहून जास्त होतं आणि उष्णतेने बॅटरी लवकर थकते.

सिमचा प्रश्न बारकाईने बघावा लागेल. बरीच स्वस्त यंत्रं अजून 2जी वर चालतात आणि जिओकडे 2जी नाही. यंत्रांसाठीची 13 आकडी क्रमांकांची सिम वेगळी असतात, त्यांच्यावरून ठरवून दिलेल्या मोजक्याच क्रमांकांशी बोलता येतं. क्रमांक चुकीचा बसवला तर कॉल जाणारच नाही, म्हणून बसवताना प्रत्येक घरातून एक खरा कॉल लावून बघायचा.

ब्रिटनमध्ये काय झालं ते बघा. तिथे सुमारे 18 लाख लोक अशा सेवेवर अवलंबून आहेत आणि त्यातली पुष्कळ यंत्रं जुन्या तांब्याच्या टेलिफोन तारांवर चालायची. ती व्यवस्था जानेवारी 2027 अखेर बंद व्हायची आहे. ग्राहकांना नव्या लाइनवर नेताना काहींची बटणं बंद पडली, गंभीर प्रकार घडले आणि डिसेंबर 2023 मध्ये टेलिफोन कंपन्यांना सक्तीचं स्थलांतर थांबवावं लागलं. आपल्या करारात म्हणून एक कलम हवंच: मुदतीत नेटवर्क बदललं तर यंत्र बदलायचा खर्च कोणाचा. ते आधी लिहिलं की सगळे निविदाधारक तो खर्च धरूनच दर भरतात. नंतर काढलं की ठेकेदार जास्तीचं बिल लावतो आणि हरलेल्यांवर अन्याय होतो.

तीन निविदा आल्या, पण तिघांनी आधीच आपापसात ठरवलं असेल तर?

यालाच रिंग म्हणतात. एक खरी निविदा, बाकीच्या सपोर्टच्या. मी टेबलावर जे पाहिलंय ते सांगतो. दोन वेगळ्या कंपन्यांच्या पत्रांत शुद्धलेखनाची एकच चूक, त्याच ओळीत. डिमांड ड्राफ्ट एकाच बँकेचे, एकाच दिवसाचे, लागोपाठच्या क्रमांकांचे. दर एकमेकांपासून नेमके दोन-दोन टक्क्यांनी वर. हल्ली ऑनलाइनमध्ये दोघांनी एकाच संगणकावरून निविदा भरल्याचंही सापडतं. मी ड्राफ्टची गोष्ट एकदा वरिष्ठांच्या कानावर घातली होती. ‘कागदपत्रं पूर्ण आहेत ना?’ एवढंच उत्तर आलं आणि मी गप्प बसलो. ते गप्प बसणं मला आजही सलतं.

निविदेत संगनमत करणं ही स्पर्धा अधिनियम 2002 च्या कलम 3 खाली फौजदारी गुन्हा नसला तरी जबर दंडाची बाब आहे. भारतीय स्पर्धा आयोग तीन पट नफ्यापर्यंत किंवा उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत दंड लावू शकतो. लाच मागितली गेली असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक 1064.

एकच निविदा आली तर?

फेरनिविदा काढावी आणि त्याआधी बाकीचे का आले नाहीत हे दोन-तीन संभाव्य पुरवठादारांना विचारावं. उत्तर बहुतेक वेळा पात्रतेच्या पानावरच सापडतं.

आम्हाला कागदपत्रं बघायला मिळतील का?

मिळतील. माहितीच्या अधिकारात 10 रुपये शुल्क भरून अर्ज करा, उत्तर 30 दिवसांत यायला हवं, प्रतीला पानामागे 2 रुपये. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत ठेवा, नाहीतर त्याच कारणाने परत येतो. ‘सर्व माहिती द्या’ असं लिहू नका. चार कागद नावाने मागा: तांत्रिक छाननीचा अहवाल, तुलनात्मक तक्ता, करारनामा, आणि दंड वसूल केल्याची नोंद. व्यापारी गुपित म्हणून नकार आला तर पहिलं अपील करा. काम दिल्यानंतर मंजूर दर झाकून ठेवायला सहसा कारण उरत नाही, तो जनतेचा पैसा आहे.

लाभार्थ्यांची नावं आणि पत्ते मात्र मागू नका. कोणत्या घरात म्हातारं माणूस एकटं राहतं याची यादी चुकीच्या हातात पडली तर काय होईल, हे सांगायला नको. ठेकेदारालाही ही यादी दुसऱ्या कामासाठी वापरता येऊ नये, औषधं किंवा विमा विकणाऱ्यांना तर नाहीच. हे करारात स्पष्ट लिहायचं.

ठेक्याची मुदत संपल्यावर बटणाचं काय होतं?

जुना ठेकेदार यंत्रं काढून नेणार असेल तर नवीन बसेपर्यंत घर उघडं पडतं. शिवाय यंत्र त्याच्याच केंद्राशी बोलणारं असेल तर पुढच्या निविदेत तोच जिंकणार, कारण बाकीच्यांना सगळंच नवीन घालावं लागेल. यंत्रं पालिकेच्या मालकीची, कोणत्याही केंद्राला जोडता येणारी, आणि नव्याचं काम सुरू होईपर्यंत जुन्याने सेवा चालू ठेवायची. ही तीन कलमं पहिल्याच करारात घाला.

आम्ही कट्ट्यावरची माणसं निविदेआधी काय करू शकतो?

निविदापूर्व बैठक साधारणपणे निविदाधारकांसाठी असते. म्हणून त्याच्याही आधी लेखी मागणी करा की अटींचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध करावा आणि नमुन्याची चाचणी खऱ्या ज्येष्ठांच्या हातून व्हावी.

चाचणीचा आग्रह का धरतो ते सांगतो. एका विक्रेत्याचा मुलगा आमच्याकडे बटण दाखवायला आला होता. चुकून दाबलं जाऊ नये म्हणून ते खोलगट केलेलं. एका आजींच्या हातात दिलं. त्यांनी चाळीस वर्षं बीड्या वळल्या, बोटांची टोकं काचेसारखी गुळगुळीत झालेली. अंगठा सारखा घसरत होता. मुलगा म्हणे, ‘आजी, जोरात दाबा.’ त्यांनी तिसऱ्या वेळी बटण दातात धरून दाबलं. त्या बटणाला धूळ-पाण्याचं प्रमाणपत्र होतं, तांत्रिक लिफाफ्यात ते सहज उत्तीर्ण झालं असतं.

केंब्रिजमध्ये नव्वदीपुढच्या लोकांवर झालेला एक अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. घरात बटण असूनही एकटं असताना पडलेल्या बहुतेकांनी ते वापरलंच नव्हतं. कोणी घातलेलं नव्हतं, कोणाला उगाच कोणाला त्रास नको वाटलं. आपल्याकडची माणसं तर त्याहून भिडस्त. म्हणून महिन्यातून एकदा सरावाचा फोन आणि घरी भेट, याचे पैसे निविदेतच धरायला हवेत.

बटण चुकून दाबलं गेलं तर आजीकडून पैसे घेतील का?

घेऊ नयेत, आणि तसं करारात लिहून घ्यावं. काही कंपन्या ठरावीक कॉलनंतर प्रत्येक कॉलचा आकार लावू बघतात. तसं झालं तर माणूस बटण दाबायला भिईल. नातवाने खेळता खेळता दाबलं, झोपेत कुशीवर वळताना दाबलं गेलं, तर पलीकडच्याने एवढंच म्हणायचं: ‘काही नाही ओ आजी, बटण चालू आहे हे कळलं.’